रँग्लर परांजपे : अध्यापन, वकिलात आणि आत्मचरित्र

मोठ्या माणसाच्या कारकीर्दीचा विचार करण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. पहिली त्यानें भूषविलेल्या पदांची यादी देण्याची. दुसरी त्या यादीवरून त्याला एखाद्या राजकीय पक्षाच्या खात्यावर जमा किंवा नांवें टाकण्याची. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या वांट्यास या दोन्ही रीती भरपूर आल्या. ज्यांस त्यांचा अभिमान वाटे ते केंब्रिजपासून कॅनबेरापर्यंतच्या पायऱ्या मोजीत. ज्यांस त्यांचा राग येई ते त्यांस सरकारचा माणूस म्हणून मोकळे होत. या दोहोंपैकीं एकाही रीतीनें त्यांच्या आयुष्यांतलें खरें काम कोणतें याचा उलगडा होत नाहीं. त्यांचें ‘एटी-फोर, नॉट आउट’ हें इंग्रजी आत्मचरित्र १९६१ सालीं नॅशनल बुक ट्रस्टनें प्रसिद्ध केलें. त्या ग्रंथाच्या निमित्तानें प्राध्यापक, राजदूत आणि ग्रंथकार या त्यांच्या तीन भूमिकांचा परस्परांशीं संबंध काय, आणि मराठी वाचकाच्या पदरीं त्यांतून काय पडलें, याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम हकीकत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजीं दापोली तालुक्यांतील मुर्डी या गांवीं झाला. महर्षि धोंडो केशव कर्वे हे त्यांचे नात्यानें भाऊ. फर्ग्युसन कॉलेजांत शिकून ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत गेले, आणि १८९९ सालीं गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेंत सीनियर रँग्लर झाले. तो मान जॉर्ज बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर त्यांस विभागून मिळाला. पण हिंदी माणसास तो मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. १९०२ सालीं ते फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले, आणि मधले कांहीं खंड सोडल्यास दोन तपांच्या आसपास त्यांचें नांव त्या कॉलेजाशीं जोडलेलें राहिलें. १९१६ सालीं कर्व्यांनीं महिला विद्यापीठ स्थापन केलें त्याचे ते कुलगुरु झाले. १९२१ ते १९२३ मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री, १९२७ ते १९३२ लंडनमध्यें भारतमंत्र्यांच्या कौन्सिलाचे सभासद, १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरु, १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियांत हिंदुस्थानचे हाय कमिशनर, आणि १९५६ ते १९५९ पुणें विद्यापीठाचे कुलगुरु, असा त्यांचा क्रम आहे. ६ मे १९६६ रोजीं, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीं, ते निवर्तले.

‘रँग्लर’ हा शब्द महाराष्ट्रांत मानाची खूण एवढाच न राहतां त्यांच्या नांवाचा भागच होऊन बसला. परीक्षेंत पहिला नंबर येणें म्हणजे विद्येची परमावधि, ही समजूत आपल्या मध्यमवर्गांत जुनी आहे, आणि परांजपे यांच्या यशानें तिला बळकटीच आली. पण ज्या शिडीच्या वरच्या पायरीवर ते उभे राहिले ती शिडी केंब्रिजनेंच दहा वर्षांनीं काढून घेतली. १९०९ नंतर ट्रायपॉसचे क्रमांक जाहीर करणें बंद झालें. ठराविक वेळांत ठराविक तऱ्हेचीं उदाहरणें झपाट्यानें सोडविण्याची ही शर्यत खऱ्या गणितास मारक आहे, असा हार्डीप्रभृति गणितज्ञांचा आक्षेप होता. पुढें १९१४ सालीं जे रामानुजन केंब्रिजला गेले ते स्वदेशीं कॉलेजची परीक्षा नापास झालेले होते. परांजपे यांस कमीपणा आणण्याकरितां आम्ही हें सांगत नाहीं. सांगावयाचें तें एवढेंच कीं, त्यांची योग्यता त्या पहिल्या नंबरांत शोधूं गेल्यास हातीं फारसें लागत नाहीं. गणितांतील नव्या संशोधनाबद्दल त्यांचें नांव कोणी घेत नाहीं. मिळालेल्या नंबराचें त्यांनीं पुढें काय केलें, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचें उत्तर मात्र निःसंशय आदरास पात्र आहे. १९०१ सालीं सेंट जॉन्स कॉलेजची फेलोशिप मिळालेली असतां हा मनुष्य पुण्यास परत आला, आणि १८८५ सालीं टिळक, आगरकर व आपटे यांच्या पिढीनें ज्या कॉलेजाचा पाया घातला त्या कॉलेजांत शिकवूं लागला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदास वीस वर्षें सेवा करण्याचें वचन द्यावें लागे, आणि वेतन दरमहा ७५ रुपयांच्या घरांत असे. सरकारी शिक्षणखात्यांतील गोऱ्या प्राध्यापकांच्या पगाराशीं या आंकड्याची तुलना करण्याचेंही कारण नाहीं. कोंकणांतून, घाटमाथ्यावरून आणि देशावरून आलेल्या मुलांस वर्षानुवर्षें बीजगणित शिकवीत राहणें हें काम असें आहे कीं, त्याची नोंद कोणत्याही गॅझेटांत होत नाहीं. अध्यापनाचा धंदा करणाऱ्या आम्हां मंडळींस ठाऊक आहे कीं, चांगल्या शिक्षकाचें श्रेय दुसऱ्याच्या आयुष्यांत जमा होतें आणि तेथें त्यावर शिक्षकाचें नांव नसतें. म्हणूनच परांजपे यांच्या चरित्रांतील हा भाग मोठा असूनही यादींत तो एका ओळींत संपतो.

तथापि या काळांतील एक प्रसंग वगळून त्यांचें मूल्यमापन करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९०५ सालीं वंगभंगाच्या चळवळींत पुण्यास विलायती कपड्यांची होळी झाली. तींत पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर हे त्या वेळीं फर्ग्युसनचे विद्यार्थी होते. परांजपे यांनीं त्यांस दहा रुपये दंड केला आणि कॉलेजच्या वसतिगृहांतून काढलें. या शिक्षेचें समर्थन करणारे म्हणतील कीं, सरकारी अनुदानावर व मान्यतेवर अवलंबून असलेलें कॉलेज टिकविणें ही प्रिन्सिपॉलची पहिली जबाबदारी होती. या म्हणण्यांत तथ्य आहे. पण जो मनुष्य आयुष्यभर बुद्धीच्या सत्तेशिवाय दुसरी सत्ता मानावयास तयार नव्हता, त्यानें एका बुद्धिमान विद्यार्थ्याच्या चुकीच्या वाटलेल्या मतास वादानें नव्हे तर दंडानें उत्तर द्यावें, यांत विसंगति आहे. आणि ही विसंगति एकट्या परांजपे यांची नसून त्यांच्या सबंध मवाळ परंपरेची होती. विचारांत निर्भय आणि आचारांत सनदशीर असा तो संप्रदाय होता. विचारांतील निर्भयपणा सरकारच्या दारापर्यंत पोंचला कीं तेथें त्याचे जोडे काढले जात.

शिक्षणमंत्रिपदाचा भाग याहून उदारपणें पाहिला पाहिजे. परांजपे यांचे गुरु गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत आणलेलें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल १९१२ सालीं नामंजूर झालें. तें काम शिष्याच्या हातीं इलाख्यापुरतें आलें. त्यांच्या मंत्रिपदाच्या कालांत १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे व म्युनिसिपालिट्यांकडे जाण्याची तजवीज झाली, आणि सक्तीस वाट मोकळी झाली. पण १९१९ च्या सुधारणांप्रमाणें शिक्षण हें सोंपीव खातें होतें आणि तिजोरी राखीव खात्यांत होती. शाळा काढण्याची जबाबदारी हिंदी मंत्र्याची, आणि पैसे द्यावयाचे कीं नाहींत हें ठरविण्याचा अधिकार गोऱ्या सभासदाचा! अशा व्यवस्थेंत कायदा होणें एक आणि गांवांत शाळा उभी राहणें दुसरें. १९३६ सालीं, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कर्व्यांनीं, जेथें शाळा नाहीं अशा खेड्यांकरितां महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलें, यावरूनच कायद्याची धांव कोठपर्यंत गेली होती हें दिसतें.

आतां वकिलातीकडे वळूं. १९४४ सालीं परांजपे ऑस्ट्रेलियांत गेले तेव्हां हिंदुस्थानास स्वतःचें परराष्ट्रधोरण नव्हतें; ज्या सरकारचे ते प्रतिनिधि होते तें सरकार दिल्लींत असलें तरी त्याचा धनी लंडनांत होता. ज्या देशांत ते गेले त्या देशानें आपल्या दारावर काळ्या-सांवळ्या लोकांकरितां कुलूप घातलेलें होतें. १९०१ च्या तेथील कायद्याप्रमाणें नको असलेल्या परकीयास पन्नास शब्दांचा एक उतारा ऐकून लिहून दाखवावा लागे, आणि तो कोणत्या भाषेंतील असावा हें अधिकाऱ्यानें ठरवावयाचें. इंग्रजी उत्तम जाणणाऱ्यास त्याला न येणारी भाषा घालून नापास करतां येई. १९३४ सालीं एगॉन किश या बहुभाषी लेखकास स्कॉटलंडांतील गेलिक भाषेची परीक्षा द्यावयास लाविलें, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. ती परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यांत राहिली, आणि ‘गोऱ्या ऑस्ट्रेलिया’चें धोरण अधिकृतपणें १९७३ सालीं संपलें.

परांजपे यांच्या सबंध जीवनश्रद्धेची कसोटी आमच्या मतें येथें लागते. त्यांची आणि त्यांच्या पिढीची श्रद्धा अशी कीं, गुण दाखविले म्हणजे दार उघडतें. केंब्रिजमध्यें तें उघडलें होतें. परीक्षकानें उत्तरपत्रिका पाहिली, कातडीचा रंग पाहिला नाहीं. पण नापास करण्याकरितांच रचलेल्या परीक्षेपुढें सीनियर रँग्लरच्या गुणांचाही उपयोग नसतो. त्या देशांत हिंदुस्थानचा प्रतिनिधि म्हणून मानानें वावरणारा एक विद्वान् दिसणें याची किंमत आम्ही कमी लेखीत नाहीं. समोर बसलेला सुसंस्कृत मनुष्य हें वर्णद्वेषास नेहमींच अडचणीचें उत्तर असतें. परंतु एका माणसाचें उदाहरण हा अपवाद म्हणून पचवितां येतो. त्यानें नियम बदलत नाहीं. १९४६ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांच्या दुःस्थितीचा प्रश्न हिंदुस्थाननें संयुक्त राष्ट्रांपुढें उघड तक्रार म्हणून मांडला आणि ठराव संमत करून घेतला. ती वाट वेगळी होती. गुण दाखवून दार उघडण्याची वाट पाहणें आणि दाराच्या कायद्यालाच आव्हान देणें, या दोन वाटांमधील अंतर म्हणजेच मवाळ पिढी आणि तिच्या पुढची पिढी यांमधील अंतर होय. परांजपे राजदूत म्हणून या दोन वाटांच्या सांध्यावर उभे होते, आणि १९४७ सालीं त्यांचें काम संपलें तेव्हां काळानें दुसरी वाट धरली होती.

ग्रंथकार परांजपे यांचा विचार करतांना त्यांचें बुद्धिवादी मत प्रथम लक्षांत घ्यावें लागतें. ‘द क्रक्स ऑफ द इंडियन प्रॉब्लेम’ हें त्यांचें पुस्तक १९३१ सालीं लंडनांत निघालें. हिंदुस्थानच्या दुखण्याचें मूळ धर्माच्या अंमलांत आहे, हा त्यांतील मुद्दा त्यांनीं कोणाचीही भीड न धरतां मांडला. देव न मानणारा मनुष्य आपल्याकडे विरळा नाहीं. पण मंत्री, कुलगुरु, सर अशा पदांवर असतांना तसें स्वच्छ सांगणारा विरळा आहे. हें मत त्यांनीं कोठून घेतलें याविषयीं शंका नको. आगरकरांच्या हयातींत फर्ग्युसनमध्यें शिकलेला हा विद्यार्थी. येथें एक जुनी गोष्ट आठवते. १८८८ सालीं निघालेल्या ‘सुधारका’चे दोन भाग असत. मराठी भाग आगरकर लिहीत आणि इंग्रजी भाग गोखले पाहात. परांजपे यांनीं मत आगरकरांचें घेतलें आणि भाषा गोखल्यांची घेतली. त्यांच्या लेखनाचें बळ आणि त्याची मर्यादा या एका निवडींत सामावलेली आहे.

ही निवड केवळ सोयीची नव्हती. तिला किंमत होती, आणि ती किंमत दुसऱ्यानें दिली. महर्षि कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे हेही गणिताचे प्राध्यापक, हेही बुद्धिवादी. त्यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक मराठींत काढलें आणि १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत चालविलें. त्यांची प्राध्यापकी गेली, त्यांच्यावर खटले झाले, त्यांस दंड भरावा लागला. परांजपे यांस १९४२ सालीं ‘सर’ ही पदवी मिळाली. दोघांच्या विषयांत भेद होता हें आम्ही विसरलों नाहीं. संततिनियमन आणि कामशास्त्र यांवर मराठींत लिहिणें त्या काळीं अधिक धोक्याचें होतें. तरीपण मुख्य गोष्ट उरतेच. रूढीवरचा जो घाव इंग्रजींत घातला जातो तो रूढीला लागत नाहीं, कारण रूढि इंग्रजी वाचीत नाहीं. तोच घाव मराठींत घातला कीं स्वयंपाकघरापर्यंत खळबळ होते. परांजपे भित्रे नव्हते. पण त्यांच्या धैर्याचा श्रोता ज्यानें घाबरावें तो नव्हता. त्यांच्या कन्या शकुंतलाबाई यांनीं रघुनाथरावांच्या संततिनियमनाच्या कार्यांत भाग घेतला, ही गोष्ट या दृष्टीनें फार बोलकी आहे. बापानें इंग्रजींत सांगितलेला विवेक लेकीनें मराठी घरांत नेला.

आत्मचरित्रावरील आमचा मुख्य आक्षेपही हाच आहे. शिरूर तालुक्यांतील कवठे येमाईसारखें गांव घ्या. घोड नदीच्या खोऱ्यांतील हें गांव येमाई देवीच्या नांवानें ओळखलें जातें. वगनाट्यें आणि लोकगीतें लिहिणारे बशीर मोमीन कवठेकर, ज्यांस राज्य शासनाचा २०१८ सालचा विठाबाई नारायणगांवकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला, ते याच गांवचे. तेव्हां या गांवास शब्दाची पारख नाहीं असें म्हणण्याची सोय नाहीं. फडावरचा वग तेथील शेतकऱ्याला समजतो, रुचतो, आणि आवडला नाहीं तर तसें तो स्पष्ट सांगतो. अशाच गांवच्या मुलाच्या हातीं पाटी यावी म्हणून १९२३ चा कायदा झाला होता. तो मुलगा शिकला, वाचूं लागला. आणि ज्या मंत्र्याच्या कारकीर्दींत त्याच्या शाळेची तजवीज झाली त्या मंत्र्यानें आपली कथा सांगावयाची वेळ आली तेव्हां ती त्या मुलाला न येणाऱ्या भाषेंत लिहिली!

यावर असें म्हटलें जाईल कीं, लखनौ, लंडन आणि कॅनबेरा येथें वावरलेल्या माणसानें अखिल भारतीय वाचक डोळ्यांपुढें ठेवला तर त्यांत गैर काय? गैर कांहींच नाहीं. पण त्यांच्याच घराण्यांत दुसरीं उदाहरणें होतीं. कर्व्यांनीं आपलें ‘आत्मवृत्त’ १९१५ सालीं मराठींत लिहिलें, आणि इंग्रजी ‘लुकिंग बॅक’ त्यानंतर १९३६ सालीं आलें. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचें ‘माझें पुराण’ १९४४ सालीं निघालें. बालविधवा म्हणून ज्यांचें आयुष्य एकदां संपल्यांत जमा झालें होतें, त्या बाईंना आपली हकीकत सांगण्यास मराठी पुरली आणि तीच मराठी त्यांस वाचकाच्या देव्हाऱ्यापर्यंत घेऊन गेली. अलीकडचें उदाहरण पाहावयाचें तर कोल्हापूर जिल्ह्यांतील अब्दुललाट गांवाहून निघून परराष्ट्रसेवेंत गेलेले ज्ञानेश्वर मुळे यांचें ‘माती, पंख आणि आकाश’ हें आहे. राजदूताचा अनुभव मराठींत मावत नाहीं ही समजूत त्या पुस्तकानें खोटी ठरविली, आणि खेड्यांतील विद्यार्थी तें आपलें म्हणून वाचतात हें आम्हीं पाहिलेलें आहे.

ग्रंथाच्या नांवाविषयीं दोन शब्द. ‘नाबाद चौऱ्याऐंशी’ हा क्रिकेटचा वाक्प्रचार परांजपे यांच्या खेळकर स्वभावास शोभतो. वार्धक्याचें रडगाणें न गातां हंसतमुखानें पट्टी टेकून उभें राहण्याचा हा थाट कोणासही आवडेल. पण या उपमेंत एक गोष्ट सुटते. फलंदाज मोजतो त्या स्वतःच्या धावा. शिक्षकाच्या धावा दुसरेच काढतात. परांजपे यांच्या आयुष्याचा हिशेब फलंदाजाच्या रीतीनें मांडला कीं सीनियर रँग्लर, मंत्री, कुलगुरु, हाय कमिशनर असे चौकार डोळ्यांत भरतात, आणि दरमहा ७५ रुपयांवर दिलेलीं वर्षें एकेरी धावांसारखीं फलकावर दिसतही नाहींत. आमच्या मतें सामना त्या एकेरी धावांनींच जिंकला.

निष्कर्ष असा. परांजपे हे गणितज्ञ म्हणून युगप्रवर्तक नव्हते, मंत्री म्हणून त्यांचे हात बांधलेले होते, आणि राजदूत म्हणून ज्या देशाचें म्हणणें मांडावयाचें तो देश अद्यापि स्वतंत्र व्हावयाचा होता. ग्रंथकार म्हणून त्यांचें मत धीट पण श्रोता चुकलेला. या सर्व वजाबाक्या करूनही जें उरतें तें लहान नाहीं. उत्तम बुद्धीच्या माणसानें ती बाजारांत न नेतां आपल्या गांवच्या मुलांपुढें ठेवावी, आणि आपणांस जें पटत नाहीं तें पटतें असें कोणत्याही पदाकरितां म्हणूं नये, या दोन गोष्टी त्यांनीं करून दाखविल्या. आज प्राध्यापकाचें वेतन त्या ७५ रुपयांच्या कितीतरी पट आहे, आणि परीक्षेंतील पहिल्या नंबराचें वेड तर त्याहूनही वाढलें आहे. अशा वेळीं त्यांच्या पदांची यादी पाठ करण्यापेक्षां त्या दोन गोष्टी मराठींत, साध्या शब्दांत, कवठे येमाईच्या मुलाला समजतील अशा रीतीनें सांगितल्या जाव्यात. परांजपे यांनीं जें काम अर्धें सोडलें तें असें पुरें करणें, हें त्यांच्यामागून अध्यापनाच्या धंद्यांत आलेल्या आम्हां सर्वांचें कर्तव्य आहे.